ब्रेकचा आवाज मी घालवला

निवृत्त झाल्यावर आठवणी लिहायला मी आजवर दोनदा बसलो. पहिल्या वेळी बालपण, शिक्षण, नोकरी, लग्न असं सगळं सुरळीत झालं आणि वही मोटारीपाशी आली. तेव्हा मला एकदम आठवलं की लाइटबिल भरायचं राहिलंय. ते भरून आलो आणि वही कपाटात ठेवून दिली. दुसऱ्या वेळी मोटारीपाशी आल्यावर मी उठून परसातल्या कढीपत्त्याची छाटणी केली. तो कढीपत्ता त्यातून पुन्हा उठला नाही. म्हणजे ही गोष्ट न सांगण्यापायी एक झाडही गेलं आहे. आता परसात छाटण्यासारखं काही उरलेलं नाही आणि बिलं नातू मोबाइलवरून भरतो. तेव्हा सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. आमच्या वस्तीत विज्ञान शिकलेला मी पहिला. वडील सणसरकडे दुसऱ्याच्या उसाची बैलगाडी हाकायचे आणि त्यांचा मुलगा फळ्यावर गतीचे नियम लिहायचा, याचा वस्तीला अभिमान होता. मला तर गरजेपेक्षा जास्तच होता. कुणाचा रेडिओ बिघडला, कुणाचं दूध नासलं, कुणाला चंद्राभोवती खळं दिसलं की माणसं मला विचारायला यायची. मला माहीत नसलं तरी मी सांगायचो.

त्या काळात मी एक जुनी मोटार घेतली. ती पांढरी आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. मला ती चालवता यायची, पण सरळ. वळण आलं की घाम फुटायचा. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता नशिबानं सरळ होता, त्यामुळे तेवढं जमायचं. बाकी कुठेही जायचं झालं की माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कन्हेरीहून सायकलवर यायचा आणि गाडी चालवायचा.

मेहुण्याला शाळा मानवली नव्हती, पण यंत्राचं त्याला कळायचं. आधी त्याने लोकांचे ट्रॅक्टर चालवले, मग जीपगाड्या. गाडीत बसताना तो चप्पल काढून सीटखाली ठेवायचा. पायाला पेडल कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आणि रेडिओ लावू द्यायचा नाही. गाडीत गाणी ऐकणं म्हणजे, त्याच्या मते, आजारी माणसाच्या उशाशी बसून तिसऱ्याच माणसाशी गप्पा मारणं.

गाडी घेऊन वर्ष झालं असेल, तेव्हा ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून बारीक किंचाळी यायला लागली. मेहुण्यानं ती पहिल्या दिवशीच ऐकली.

"दाजी, ब्रेकचं लायनर घासलंय."

"थोडी धूळ गेली असेल."

"धुळीचा आवाज कोरडा असतोय. ह्यो तसा न्हाय."

"अरे, आवाज म्हणजे काय? कंपन. त्यात कोरडं-ओलं काही नसतं."

"आसंल," तो म्हणाला. "पर पायडलबी खाली चाललंय. आधी अर्ध्यात लागायचं."

पुढच्या महिन्याभरात त्यानं मला एकेक खूण दाखवली. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखवली, तिच्यातली पातळी उतरली होती. सपाट रस्त्यावर ब्रेक दाबून स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले आणि गाडी कशी डावीकडं सरकते ते दाखवलं. उतारानंतर खाली उतरून मला चाकाजवळ वाकायला लावलं आणि जळकट वास दाखवला. मी वाकून वास घेतला आणि म्हणालो, "रबर तापलं की येतोच." रस्त्यानं जाणारे लोक बघत होते आणि विज्ञानाचा शिक्षक मोटारीचं चाक हुंगतोय हे दृश्य मला बरं वाटत नव्हतं.

"दाजी, गाडी आधी कुरकुर करती," तो म्हणाला. "मग वरडती. मग खरवडती. खरवडाय लागली की सांगायचं संपलं तिचं. आपली वरडतीया. अजून येळ हाय."

त्याचं खरं होतं, पण मला त्रास वेगळ्याच गोष्टीचा होता. मी शाळेच्या फाटकात ब्रेक दाबला की ती किंचाळी नववीच्या वर्गापर्यंत पोचायची. पोरांना ती फार सोयीची होती. "सरांची गाडी आली" असं म्हणून पत्ते दप्तरात जायचे आणि पुस्तकं बाहेर यायची. पुढं पुढं तर गाडी नसतानाही मी व्हरांड्यातून चाललो की मागून कुणीतरी दातांतून तोच आवाज काढायचं. शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "सर, तुमची गाडी घंटेच्या आधी वाजते. शिपायाला आता काम उरलं नाही." सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनाला लागलं.

लायनर बदलायला गॅरेजवाला गाडी दोन दिवस ठेवून घेणार होता आणि ते दोन दिवस माझ्याकडे नव्हते. कारण नेमक्या त्याच आठवड्यात इंदापूर तालुक्यात, डाळजच्या बाजूच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं.

आता त्यात मेहुण्याचा काय संबंध, ते सांगायला हवं, कारण सगळं त्याच्याशीच संबंधित आहे. त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष एक वयस्कर शेतकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. संस्था पोरांसाठी बस घेणार होती आणि तिला कायमचा ड्रायव्हर पाहिजे होता. मी आबांजवळ मेहुण्यासाठी शब्द टाकला होता. आबा म्हणाले होते, "कागद नगं मला. शनिवारी तुमची गाडी त्योच घिऊन यिऊ दे. फाटकातनं गाडी आत कशी आणतोय तेवढं बघतो." मेहुण्याचं तोवरचं सगळं आयुष्य बोलावतील तिकडं जाण्यात गेलेलं. मुलगी शाळेत जायला लागली होती. कायमची नोकरी म्हणजे त्याच्या घरात पहिली. त्या शनिवारसाठी त्यानं पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला होता, हे बायकोनं मला दोनदा सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी धुतली, पुसली. ती जवळजवळ पांढरी दिसायला लागली. मग माझ्या डोळ्यांसमोर चित्र आलं. फाटकावर कमान, दोन्ही बाजूंना लेझीम घेतलेल्या मुली, समोर आबा, आणि आमची गाडी किंचाळत आत येतेय. आवाज करणाऱ्या वस्तूचं काय करायचं, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. उसानं भरलेली गाडी ओरडायला लागली की वडील खाली उतरायचे आणि आखाला वंगण लावायचे. ती चालायला लागायची. रहाट, दार, पाळणा, सगळ्यांना तेच औषध. फळ्यावर मी काहीही लिहीत असलो तरी हाताला हीच सवय होती.

बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती, लांब नाकाची. ती मी हळूच उचलली. चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या झाकणाला एक भोक असतं आणि त्यावर रबरी बूच असतं. मेहुणा त्यातून पट्टी घालून ब्रेक आवळायचा, ते मी पाहिलं होतं. गाडीखाली पोतं टाकून मी आडवा झालो, बूच काढलं, कुपीचं नाक आत घातलं आणि दाबलं. आधी डावं चाक, मग उजवं. कुपी रिकामी झाली. मग गाडी सुरू करून अंगणात चार हात पुढं घेतली, ब्रेक दाबला. आवाज नाही. मागं घेतली, दाबला. आवाज नाही. चार हातांत तर भिंतीलाही गाडी थांबवता आली असती, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. मला शोध लावल्याचा आनंद झाला होता.

ब्रेक ही वस्तू घर्षणावर चालते. वंगण घर्षण कमी करतं. हे दोन्ही मी त्याच वर्षी नववीला शिकवलं होतं, आणि एकाच तासाला.

शनिवारी सकाळी मेहुणा आला. पांढऱ्या शर्टाला सायकलचं वंगण लागू नये म्हणून तो त्यानं पिशवीत घालून आणला होता आणि आमच्याकडं येऊन घातला. बहिणीनं चहा दिला, कॉलर नीट केली आणि म्हणाली, "आबांच्या म्होरं जास्त बोलू नगंस."

"गाडीनंच बोलायचंय, आक्का," तो म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी त्यानं पहिला ब्रेक दाबला आणि माझ्याकडं बघितलं.

"दाजी, आवाज कुठं गेला?"

"गेला."

"आसा कसा गेला?"

"रोज ओरडून थकली असेल."

तो हसला नाही. भिगवणच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं आणखी दोनदा ब्रेक दाबून पाहिला. "पायडल लागतंय," तो म्हणाला, "पर गाडी ऐकत न्हाय. उशिरा ऐकती." मग थोड्या वेळानं, "गप झालेली गाडी मला आवडत न्हाय, दाजी. भिगवणात धा मिनिटं द्या, चाक उघडून बघतो."

मी घड्याळ पाहिलं. आधीच उशीर झाला होता. "आबा फाटकात उभे असतील," मी म्हणालो. "आणि मी कालच तपासलंय ते."

"तुमी तपासलंय?"

"हो."

"मग झालं," तो म्हणाला आणि गियर बदलला.

हे दोन शब्द त्यानं सहज उच्चारले होते. मला ते आजही जसेच्या तसे ऐकू येतात. गाडीचं तो कुणाचं ऐकून घेत नसे. गॅरेजवाल्याचंही नाही. माझं ऐकलं, कारण मी विज्ञान शिकलेला होतो.

हमरस्त्यावर तो गाडी गियरवरच आवरत होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं. शाळा रस्त्यापासून खालच्या अंगाला होती. डांबरीवरून वळलं की सरळ उतार, उताराच्या तळाशी फाटक, आणि फाटकात अगदी माझ्या चित्रातल्यासारखं सगळं: कमान, त्यावर 'सुस्वागतम्' लिहिलेलं कापड, दोन्ही बाजूंना लेझीमवाल्या मुली, ढोल, आणि मैदानात टेबलापाशी पटका बांधलेले आबा.

उतारावर मेहुण्यानं ब्रेक दाबला. गाडी गेली तशीच. त्यानं पुन्हा दाबला, तिसऱ्यांदा पाय आपटला. मग एकही शब्द न बोलता त्यानं खालचा गियर टाकला, हॉर्नवर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं हँडब्रेक ओढला. मुली दोन्ही बाजूंना पांगल्या. कमानीचा एक बांबू सुटला आणि 'सुस्वागतम्' आमच्या काचेवर पसरलं. आतून ते उलटं दिसत होतं. समोरचं त्याला काहीच दिसत नव्हतं, पण मैदान त्यानं वरूनच पाहून ठेवलं असावं. त्यानं गाडी टेबलापासून, माणसांपासून दूर उजवीकडं घेतली. सहावीच्या मुलांनी मैदानात मांडलेलं ठिबक सिंचन आमच्या चाकाखाली गेलं आणि आम्ही लांब उडीच्या वाळूत घुसून थांबलो.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ढोलवाल्या पोरांना थांबा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती वाजवतच राहिली. मी कापडाखालून बाहेर आलो तेव्हा स्वागताचा ढोल पूर्ण भरात होता.

आबा काठी टेकत आले. वाळूतल्या चाकांकडं, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्तर, लांब उडी चांगली मारली. मोजायची का?"

सगळे हसले. मला वाटलं, हसण्यावारी गेलं. पण आबांची नजर मेहुण्याकडं वळली होती. तो अनवाणीच वाळूत उभा होता.

"ह्योच व्हय?"

"हो," मी म्हणालो.

"ब्रेक लागला न्हाय, आबा," मेहुणा म्हणाला. "लई दाबला."

आबा मला म्हणाले, "मास्तर, तुमी सांगा. गाडीत काय बिघाड हुता का? आसंल तर मानसाचा दोष न्हाय. तसं सांगा."

मला तेव्हा सगळं कळलेलं होतं. पुढच्या चाकातून एक वास येत होता, आणि तो वास आमच्या घरातल्या शिलाई मशीनचा होता. समोर आबा, शाळेचा सगळा शिक्षकवर्ग, शे-दोनशे पोरं. माझ्या छातीला परीक्षक लिहिलेला बिल्ला लावायला एक मुलगी टाचणी घेऊन तयार उभी होती. 'ब्रेकला मी तेल घातलं' एवढं एक वाक्य होतं. ते मी म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत बारामतीत पोचलं असतं आणि मी मरेपर्यंत तिथंच राहिलं असतं.

"बिघाड काही नव्हता," मी म्हणालो. "मी कालच तपासली होती."

मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं स्वतःच्या उजव्या पायाकडं बघितलं.

आबांनी काठीचं टोक वाळूत रोवलं. "पोरांची गाडी हाय," शेवटी म्हणाले. "तितं कान-डोळं जागं असणारा मानूस पायजे. वाईट नगा वाटून घिऊ." त्यांचं बरोबर होतं. गाडी थांबली नाही हे सगळ्यांनी पाहिलं, पण आंधळ्या काचेतून ती कुठं नेऊन थांबवली, हे फक्त मी पाहिलं होतं. तेही मी बोललो नाही.

मग मी प्रदर्शन तपासलं. तिसऱ्या वर्गखोलीत एका मुलीनं सायकलच्या चाकाचा प्रयोग मांडला होता. विषय होता, घर्षणाचे फायदे व तोटे. तिनं चाक फिरवलं, ब्रेक दाबला, चाक थांबलं. मग रबराला दोन थेंब तेल लावलं, पुन्हा ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. "यावरून सिद्ध होते की," ती घोकल्यासारखं म्हणाली, "ब्रेकला तेल लावू नये, सर." मी तिला पहिला क्रमांक दिला. त्या दिवशी माझ्या हातून झालेला न्याय तेवढाच.

परतताना मेहुण्यानं भिगवणपर्यंत गाडी पायी चालल्यासारखी आणली आणि एका मेस्त्रीकडं लावली. मेस्त्रीनं चाक उघडलं. आत सगळं चकाकत होतं. त्यानं बोट फिरवून वास घेतला.

"हे ब्रेक ऑइल न्हाय. पातळ हाय." दुसरं चाक उघडलं. "हिकडंबी. दोन्हीकडं येकदम कसं आलं?" त्यानं आमच्याकडं पाहिलं. मी रस्त्यावरची एसटी पाहायला लागलो. "बेरिंगचं ग्रीस पातळ हुऊन उतरलं आसंल," तो स्वतःशीच म्हणाला आणि मेहुण्याला म्हणाला, "ड्रायव्हर, तुझ्या कसं ध्यानात आलं न्हाय? ह्ये काय एका दिसाचं न्हाय."

"व्हय," मेहुणा म्हणाला. "याय पायजे हुतं."

घरी आल्यावर बायकोनं भावाला झापलं. दोन वर्षं ती निमित्त मिळेल तेव्हा झापत होती. "तुझ्या दाजींनी शब्द टाकला आन तू त्यांची मान खाली घातलीस." मी म्हणायचो, "असू दे गं, होतं असं." त्यामुळे मी फार मोठ्या मनाचा आहे असं तिच्या माहेरी ठरलं. त्याच आठवड्यात ती मशीनच्या तेलाची कुपी शोधत होती. मी नवी भरलेली आणून मशीनच्या खणात ठेवली आणि म्हणालो, "ही काय, इथंच तर आहे." तिनं ती हलवून बघितली. "आर्धी झाली हुती की ही," म्हणाली. मी वर्तमानपत्र उघडलं.

मेहुण्यानं नोकरी हुकल्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. त्यानं दुसरंच काहीतरी मनाला लावून घेतलं. महिन्याभरानं तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "दाजी, कानाचा डॉक्टर कुठला चांगला हाय?"

"काय झालं कानाला?"

"बघाया पायजे. दोन चाकांत तेल उतरत हुतं आन मला कळलं न्हाय. आदल्या आठवड्यापतूर तर मला सगळं ऐकाय येत हुतं."

मी त्याला बारामतीत कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. बाकावर आमच्यासोबत एक आजोबा होते, त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, आणि ते आम्हाला मोठमोठ्यानं त्यांच्या सुनेबद्दल सांगत होते. सूनही तिथंच बसलेली होती. डॉक्टरांनी मेहुण्याचे कान धुतले, घड्याळ लांब धरून पाहिलं, कानामागं नादकाटा वाजवून पाहिला आणि म्हणाले, "हे कान मला असते तर बरं झालं असतं. उत्तम आहेत."

बाहेर येऊन आम्ही चहाला थांबलो. मी ठरवूनच आलो होतो की आता सांगायचं. तेवढ्यात तो म्हणाला, "ह्ये तर जास्तच वाईट झालं, दाजी."

"का?"

"कान बिघडलं आसतं तर औषिद घेतलं आसतं. कान चांगलं हायत आन मला कळलं न्हाय. म्हंजे आता कशावर इश्वास ठिवायचा?"

त्याच वेळी चहावाल्यानं खारी आणून ठेवली. मी खारी चहात बुडवली, ती तुटून कपात पडली आणि मी ती चमच्यानं काढत बसलो. खारी निघाली, पण बोलायची वेळ गेली.

त्यानंतर त्यानं गाडी चालवणं सोडलं. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचा, "दुसरा बघा, मला आता उमगत न्हाय." त्यानं दोन म्हशी घेतल्या, पुढं सहा झाल्या. बरं चाललं त्याचं. मी कन्हेरीला गेलो की गोठ्यात उभा राहून म्हणायचा, "म्हशीचं बरं असतंय दाजी. थांबायचं आसलं की ती आपल्या मनानं थांबती." आणि हसायचा. तो हसायचा म्हणून मीही हसायचो.

त्याच्या मुलीच्या लग्नात मी पुन्हा ठरवलं होतं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. मांडवाच्या कडेला आम्ही दोघंच खुर्च्यांवर बसलो होतो. मी घसा खाकरला. पण आधी तोच बोलला.

"दाजी, येक मनात हाय. लेक आज गेली, आज बोलतो. त्या शाळंत तुमी माझ्यासाठी शब्द टाकला हुता आन मी चारचौघांत तुमाला खाली बघाय लावलं. मला कधी माफी मागता आली न्हाय. माझं चुकलं."

आणि मी काय केलं असेल? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे. झालं गेलं. मी कधीच मनात ठेवलं नाही."

मी त्याला माफ केलं. खाकरलेला घसा तसाच घेऊन मी घरी आलो.

गेल्या वर्षी तो आजारी पडला. माझ्या पुतण्यानं नवी गाडी घेतली होती, त्याच गाडीतून मी भेटायला गेलो. मेहुणा ओट्यावर खाटेवर पडला होता. खूप वाळला होता. पुतण्यानं गाडी ओट्यापाशी आणून थांबवली आणि मी काठी टेकत उतरून त्याच्याजवळ बसलो.

"जय भीम, दाजी," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पुतण्याला सांगा, म्होरलं डावं चाक बघून घे म्हणावं. ब्रेकचं पॅड संपत आलंय."

"आवाज तर काहीच आला नाही," मी म्हणालो.

"बारीक हाय. सुरवात हाय." मग त्यानं डोळे मिटले. "भासबी आसंल माझा. माझ्या कानाचं काय खरं न्हाय, तुमाला तर ठावं हाय. पर बघून घ्या."

हीच वेळ होती. ओट्यावर आम्ही दोघंच होतो, खारी नव्हती, मांडव नव्हता. मी म्हणालो, "सांगतो त्याला." आणि निघालो.

दुसऱ्याच दिवशी पुतण्याला घेऊन मी गॅरेजमध्ये गेलो आणि समोर उभं राहून चाक उघडून घेतलं. डाव्या चाकाचं पॅड संपत आलं होतं, उजवं बरं होतं. गॅरेजवाला म्हणाला, "आजोबा, भारी कान हायत तुमचे." मी ते जुनं पॅड मागून घेतलं, कागदात गुंडाळलं, आणि ठरवलं की रविवारी कन्हेरीला जायचं, हे त्याच्या हातात ठेवायचं आणि सगळं सांगायचं. शुक्रवारी सकाळी कन्हेरीहून फोन आला.

ते पॅड माझ्या टेबलावर आहे. बायको दोनदा विचारून गेली की हे भंगार कशाला ठेवलंय. तिला तेलाच्या कुपीचंही उत्तर अजून मिळालेलं नाही. ती हे वाचेल तेव्हा दोन्हींची उत्तरं मिळतील, आणि मग माझं जे व्हायचं ते होवो. पण पॅडसोबत रविवारी त्याला जे सांगायचं होतं, ते मी तेव्हाच तोंडपाठ केलं होतं. ते असं होतं:

तुझे कान बरोबर होते. त्या आठवड्यातही आणि त्यानंतरही. पायही बरोबर होता. तू गाडी वाळूत नेलीस म्हणून त्या मुली घरी गेल्या. ब्रेकला मी तेल घातलं होतं, आक्काच्या मशीनचं. तू विचारलंस आवाज कुठं गेला, तर मी चेष्टा केली. आबांनी विचारलं, तर मी खोटं बोललो. लग्नात तू माझी माफी मागितलीस आणि मी ती घेतली. ती परत घे. माझं चुकलं.